साडेतीन इंच पाणी

थंडर बे. ऑक्टोबरचा तिसरा मंगळवार.
सरोवरावरचा वारा हॉलच्या दारात उभा राहून
येणाऱ्याची बोटं मोजतो.
खाली तळघरात आर्ने कोस्केला सांगतो,
मीकिस, आधी नाक. मग डोळे.
हात सगळ्यात शेवटी.

मी शिडी चढून छताशी वास घेते.
हा गॅस हलका, वर जातो.
मामाच्या छावणीतला प्रोपेन जड,
जमिनीला पोट लावून मांजरासारखा बसून राहतो,
तिथे वाकायचं.
वास नाही.
तरी पाच मिनिटं, घड्याळ हातात घेऊन.
वास नाही म्हणजे गॅस नाही, असं म्हणणारे दोघे
त्याच्या ओळखीचे होते.
नावं तो घेत नाही.

जोडांवर साबणाचा फेस.
तिसऱ्या जोडावर एक बुडबुडा
हळूहळू गाल फुगवतो.
पाना, जराशी पीळ. पुसून पुन्हा फेस.
आता कुणी गाल फुगवत नाही.

मग थर्मोस्टॅट वर.
आधी लहान पंखा, धुराड्यातली जुनी हवा हाकलणारा.
टक्, दाबाचा स्विच मिटला.
इग्नायटर काळ्याचा केशरी.
आणि ज्योत, डावीकडून उजवीकडे,
भप्प करून नाही,
शेजारणीने शेजारणीला निरोप द्यावा तशी.
निळी. टोकाला पिवळं नाही.
आर्ने श्वास सोडतो. चाळीस वर्षं झाली,
अजून धरतोच.

मापकावर चार पूर्णांक एक. पाटीवर साडेतीन.
टोपी काढ, स्क्रू उलटा, पाव फेरी. थांब.
घाई केलीस तर आकडा खोटं बोलतो.
आणखी थोडा.
साडेतीन इंच पाणी, बस एवढाच दाब,
आणि वर साडेतीन हातांची माणसं
कोट काढून बसतात.

आत जाणारी हवा सोळा, बाहेर येणारी पंचेचाळीस.
एकोणतीसचा फरक, पाटीला मान्य.
धुराची नळीही ठीक.
मी हत्यारं आवरायला घेतली.
तो म्हणाला, अजून तिचा राग बघायचा राहिलाय.

परतीच्या हवेवर पुठ्ठा धरला.
आता ती तापेल, तापून स्वतःच विझेल,
विझायलाच हवी.
ऐंशी. नव्वद.
एकशे पाच.
ज्योत तशीच, निळी, शहाण्यासारखी.
मी स्विच पाडला. पुठ्ठ्याला करपट वास.

पॅनल उघडलं. मर्यादेच्या स्विचच्या
दोन टोकांमध्ये पिवळी वायर,
बोटभर लांब,
तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिलीने:
फक्त आजची रात्र.

अक्षर मला ओळखीचं.
रोज त्याच अक्षरातली कामाची यादी घेऊन मी फिरते.

आर्ने बादली उलटी करून तिच्यावर बसला.
नऊ हिवाळ्यांपूर्वी, म्हणाला, उणे एक्केचाळीस.
उत्तरेकडच्या गावातली वीज गेली होती,
माणसं विमानाने आणून वर झोपवली होती.
पहाटे तीनला ही सारखी विझायची.
सुटा भाग सकाळी मिळणार.
मी वायर घातली आणि इथेच बसून राहिलो,
डोळ्यांत तेल घालून, उजाडेपर्यंत.
मग घरी जाऊन झोपलो.

बास. झोपलो.
पुढे कंत्राट दुसऱ्याकडे गेलं,
कुणी कुणी येऊन फिल्टर बदलून गेलं.
काही झालं नाही, म्हणाला.
काही झालं नाही.
तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

मी त्याला सांगितलं नाही
की त्या रात्री मी अकरा वर्षांची होते,
या खोलीच्या बरोबर वर,
निळ्या गादीवर, धाकट्याचे पाय माझ्या पोटाशी.
लाकडी जमिनीतून ऊब यायची.
इतकी गाढ झोप मला पुन्हा लागली नाही.

नवा स्विच बसवला. पुन्हा पुठ्ठा.
आकडा चढला, चढला,
आणि टक्.
ज्योत गेली.
एवढ्या आनंदाने अंधाराकडे
मी कधी पाहिलं नव्हतं.

गाडीत बसताना त्याने हात पुढे केला,
ती वायर दे, म्हणाला.
नाही दिली.